विषमतेच्या राजकारणाचा अभ्यास आणि पद्धतीची निवड

राज्यशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, आणि अलीकडे आमचे काही शिक्षकबंधूही, प्रबंधाविषयी सल्ला विचारावयास येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पद्धतीचा असतो. प्रश्नावली छापावी, की मुलाखती घ्याव्यात, की दप्तरखान्यात बसावे? विषय कोणता असे विचारले तर उत्तर मिळते, ‘ग्रामीण भागातील विषमता’. एवढ्यावरून पद्धती कोणासच सांगता येणार नाही. विषमता ही एक स्थिती आहे आणि ती मोजण्याचे काम अर्थशास्त्रज्ञ व जनगणना खाते पुष्कळ वर्षे करीत आले आहे. विषमतेचे राजकारण म्हणजे ती स्थिती घडविणारे, टिकविणारे किंवा मोडणारे निर्णय. ते कोणी घेतले, कोणाच्या पैशाने घेतले आणि घेतेवेळी कोण खोलीबाहेर होते, हे राज्यशास्त्राने शोधावयाचे असते.

हा भेद आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात शाळा किती व मुले किती एवढ्याचीच तक्रार नव्हती. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून उभा राहतो आणि त्यातून शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा पैशाचा माग त्यांनी काढला होता. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरोल्ड लॅसवेल यांनी कोणास काय, केव्हा आणि कसे मिळते हाच राजकारणाचा विषय होय, असे १९३६ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच सांगून टाकले, आणि ते शीर्षक आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्याच्या चौपन्न वर्षे आधी फुल्यांनी विचारलेला दुसरा अर्धा प्रश्न, म्हणजे भरतो कोण, त्या शीर्षकात नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रश्न असा नेमका झाला म्हणजे पद्धतीची निवड पुष्कळशी आपोआप होऊ लागते, आणि खरी अडचणही तेथेच समोर येते. ती अडचण तुलनेची आहे. ती समजावून घेण्यासाठी आम्ही मुद्दामच आपल्या जिव्हाळ्याचा एक दाखला घेतो.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी माणसाच्या बोलण्यात एक विधान हमखास येते : शाळा, दवाखाने, ग्रंथालये यांच्या बाबतीत आपली संस्थाने इंग्रजी मुलखाच्या पुढे होती. या अभिमानास आधार आहे. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व राज्यास लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. परंतु एका बडोद्यावरून ‘संस्थानी राजवट लोकांच्या अधिक हिताची होती’ असे सर्वसाधारण विधान करता येईल काय? हैदराबादच्या वाचकांना विचारावे. मराठवाड्यातील मराठी मुलांच्या वाट्यास निजामी राज्यात कोणत्या भाषेतले आणि किती शिक्षण आले, हे ते सांगतील.

तेव्हा सर्व संस्थाने एका बाजूस व सर्व खालसा मुलूख दुसऱ्या बाजूस ठेवून सरासरी काढावी, असे मनात येते. तसे केले तर शेतीच्या बाबतीत खालसा मुलूख पुढे दिसतो. पण ही तुलना फसवी आहे. कंपनीने मुलूख डोळे मिटून घेतला नव्हता. जेथे जमीन कसदार आणि महसूल भरघोस तेथे तिची दृष्टी आधी गेली. मग आज त्या जिल्ह्यांत पीक चांगले येत असेल तर ते इंग्रजी राज्यपद्धतीचे फळ की मुळातल्या काळ्या मातीचे, हे सरासरीवरून कळणार नाही. पुष्कळ प्रबंध याच ठिकाणी घसरतात. दोन ढीग शेजारी ठेवले की तुलना झाली असे समजले जाते, आणि ते ढीग मुळात कोणी व कशासाठी वेगळे केले हे पाहायचे राहून जाते.

लक्ष्मी अय्यर या विदुषींनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अडचणीतून काढलेली वाट मराठी वाचकांनी अवश्य समजून घ्यावी, कारण तिचे साहित्य आपल्याच इतिहासातले आहे. डलहौसीच्या कारकीर्दीत, १८४८ ते १८५६ या काळात, औरस वारस नसताना राजा वारला तर दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा करण्याचे धोरण होते. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी अशी गेली. आपण वर्गात हा अन्याय म्हणून शिकवितो, आणि तो अन्याय होताच. अय्यर यांनी त्याकडे दुसऱ्या दृष्टीने पाहिले. राजास त्या आठ वर्षांतच मृत्यू यावा आणि त्या वेळी त्याला औरस पुत्र नसावा, याचा त्या मुलखाच्या मातीशी, पावसाशी वा महसुलाशी काही संबंध नाही. तो दैवयोग आहे. तेव्हा अशा दैवयोगाने गेलेल्या आणि दैवयोगाने वाचलेल्या संस्थानांची तुलना केली तर कसदार जमीन निवडून घेतल्याचा दोष तुलनेतून निघून जातो. धोरण सर्वत्र सारखे चालले नाही हे खरे. करौलीसारखे संस्थान शेवटी वाचले. म्हणूनच त्यांनी ‘खालसा झाले की नाही’ एवढ्यावर भिस्त न ठेवता ‘राजा त्या काळात निपुत्रिक वारला की नाही’ या गोष्टीस आपल्या मोजमापाचा आधार केले. पहिल्या गोष्टीत इंग्रजांची मर्जी मिसळलेली आहे, दुसरीत नाही.

अशी तुलना केल्यावर शेतीतील खालसा मुलखाची सरशी टिकत नाही. आणि स्वातंत्र्योत्तर काळात शाळा, आरोग्यकेंद्रे व रस्ते यांची सोय मात्र पूर्वीच्या खालसा मुलखात कमी आढळते. म्हणजे आपल्या अभिमानाचे विधान, सरासरीपुरते का होईना, बऱ्याच अंशी खरे ठरते. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. ज्या सयाजीरावांमुळे आपण हे विधान करतो ते स्वतः दत्तक होते. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेतले, तोवर डलहौसीचे धोरण मागे पडले होते.

तथापि या निष्कर्षाने विषमतेचा प्रश्न सुटला असे मानणाऱ्यास आम्ही बडोद्यातीलच दुसरी हकिकत सांगू. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते राज्याच्या सेवेत रुजू होण्यास बडोद्यास आले तेव्हा शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव झाकून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले, आणि खरी जात कळताच जमावाने त्यांना तेथून हुसकून लावले. राज्याने ज्याला परदेशी शिकविले त्याला राज्याच्या राजधानीत छप्पर मिळाले नाही. शाळा आणि दवाखाने मोजणाऱ्या तक्त्यात ही घटना कोणत्या रकान्यात लिहावयाची? दरबारच्या वार्षिक अहवालात शिष्यवृत्तीचा खर्च सापडेल. विश्रांतिगृहाच्या दाराशी काय झाले ते आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून आपल्यास ठाऊक आहे. वरून येणारा निर्णय आणि खालून होणारा विरोध यांतील अंतर हाच प्रश्न असेल तर आत्मकथन, पत्रे, अर्ज, तक्रारी हीच मुख्य साधने होत, आणि संख्याशास्त्र त्यांना साहाय्यक.

यावर कोणी म्हणेल की भूतकाळात दैवयोग शोधण्यापेक्षा आजच्या राजकारणात काही पडताळता येईल काय? येते, आणि त्याचे उत्तम उदाहरण पंचायतींचे आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींच्या जागांपैकी व अध्यक्षपदांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रियांसाठी राखीव झाली. त्यावर सर्वत्र ऐकू येणारा आक्षेप असा, की सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. आक्षेपात तथ्य किती हे वादविवादाने ठरणार नाही. स्त्रीसरपंच असलेली व नसलेली गावे नुसती शेजारी ठेवूनही ठरणार नाही. कारण ज्या गावाने आपण होऊन बाईला निवडून दिले ते गाव आधीच निराळे असू शकते. परंतु राखीव गावे जेथे गावाच्या मर्जीने न ठरता यादीतील अनुक्रमाने किंवा फिरतीने ठरतात, तेथे तो दोष उरत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथील २६५ पंचायती या दृष्टीने तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांनी आधी स्त्रिया कोणत्या तक्रारी घेऊन येतात व पुरुष कोणत्या, हे पाहिले. पिण्याच्या पाण्याची तक्रार दोन्ही राज्यांत स्त्रियाच अधिक करीत. रस्त्यांची तक्रार बंगालमध्ये स्त्रिया अधिक करीत, तर राजस्थानात पुरुष. नंतर पंचायतींची कामे पाहिली. राखीव पंचायतींत पाण्याची कामे दोन्हीकडे अधिक झाली. रस्त्यांची कामे बंगालमध्ये अधिक आणि राजस्थानात कमी. कारभार सर्वस्वी नवऱ्यांचा असता तर खर्चाने स्त्रियांच्या तक्रारींचा माग असा दोन राज्यांत दोन दिशांना काढला नसता. या एका उलटसुलट आढळामुळे आम्हांस तो निबंध विशेष मोलाचा वाटतो. स्त्रिया अध्यक्ष झाल्या आणि कामे वाढली, एवढेच आढळते तर त्याची दहा कारणे सांगता आली असती.

तरी या पद्धतीलाही न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. पाण्याचा नळ कोणत्या आळीत बसला? बैठकीत बाई खुर्चीवर बसली की खाली? भूमिहीन घरची स्त्री सरपंच झाली तेव्हा ग्रामसेवक तिच्याशी कसे बोलला? हे जाणण्यास गावात राहावे लागते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडील रामपुरा गावी राहून जो अभ्यास केला त्यातून ‘प्रभावी जाती’ची कल्पना निघाली. संख्या, जमीन व वजन यांच्या बळावर एखादी जात, ती वर्णाच्या उतरंडीत सर्वांत वरची नसतानाही, गाव चालविते ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली. पुढे ते १९५० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, हेही येथे सांगावयास हवे. मात्र रामपुऱ्यात त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या जागेत होता आणि गावाच्या दृष्टीने ते ब्राह्मण होते. त्यामुळे हरिजनवस्तीचे जीवन त्यांना दुरूनच दिसले. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे आगीत त्यांची टिपणे जळाली आणि १९७६ चा ग्रंथ त्यांना बराचसा स्मरणावर लिहावा लागला. तरीही तो वाचनीय आणि विश्वसनीय आहे. पण गावात राहणाऱ्या अभ्यासकाने पहिल्याच पानावर आपण कोणाच्या घरी उतरलो हे लिहावे, असा आमचा आग्रह आहे. नमुना कसा निवडला हे सांगणे पाहणी करणाऱ्यास जितके बंधनकारक, तितकेच हे.

आता आपल्या हाताशी काय आहे ते पाहू. आपल्या संस्थांचे पुष्कळ सभासद शिक्षक आहेत, आणि विषमतेच्या अभ्यासाचे एक अव्वल साधन त्यांच्या कपाटात कुलूपबंद आहे : शाळेचे जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मस्थळ, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जुन्या शाळेत हे साधन अनेक दशकांचे मिळते. कोणत्या समाजातील मुली कोणत्या इयत्तेत गळतात, गावात रस्ता वा वसतिगृह झाल्यावर त्यात फरक पडला काय, हे त्यावरून काढता येईल. तीस वर्षे हे रजिस्टर हाताळल्यावर आम्ही दोन सूचना करू. पहिली, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असे लिहिलेले असते ते कारण नव्हे. लिहिणाऱ्याने प्रश्न तेथे मिटविलेला असतो. त्या कुटुंबांतील हयात माणसांना भेटल्यावाचून त्या शब्दांची बेरीज करू नये. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. रजिस्टरात जे आले त्यांचीच नोंद असते. जी मुले शाळेच्या पायरीवर कधी चढलीच नाहीत त्यांचे पान त्यात नाही, आणि विषमतेच्या दृष्टीने तीच मुले पहिली होत. त्यासाठी त्या त्या वर्षांची जन्मनोंद ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून परवानगीने मिळवावी, शाळेत येण्याच्या वयापर्यंत त्यातील कोण रजिस्टरात दिसतो व कोण दिसत नाही हे ताडून पाहावे, आणि न दिसणारी नावे घेऊन मग वस्तीत जावे. त्यातील काही कुटुंबे गाव सोडून गेलेली असतील, काही मुले दगावलेली असतील, काही दुसऱ्या शाळेत असतील. ही चाळणी झाल्यावर जी नावे उरतील त्यांच्या बाबतीत, त्यांना शाळेबाहेर ठेवणारा निर्णय कोणाचा, या प्रश्नास हात घालता येईल. प्रसिद्ध करताना मात्र कोणाचेही नाव छापू नये.