मोपाच्या पठारावरून वैमानिकाच्या वाटेकडे

५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपाच्या जांभ्या पठारावरील विमानतळावरून विमाने झेपावू लागली आणि पेडणे-डिचोलीच्या अंगणांतील मुलांच्या माना त्या घोषासरशी आभाळाकडे वळू लागल्या. त्यांपैकी ज्यांच्या मनी वैमानिक होण्याची आकांक्षा मूळ धरील, त्यांनी बारावीला भौतिकशास्त्र व गणित घ्यावे आणि शुल्काचा पहिला रुपया भरण्यापूर्वी वैद्यकीय पात्रतेचा दाखला मिळवावा, ही माझी कळकळीची विनंती.

पुढे वाटा दोन: बारामती, गोंदिया किंवा फुरसतगंज येथील उड्डाण प्रशिक्षण संस्थेत २०० तासांचे उड्डाण पुरे करून, लेखी परीक्षा देऊन, व्यावसायिक परवाना मिळवणे व मग नोकरीचा अर्ज करणे, ही पहिली, विमान कंपनीच्या निवडचाचणीतून तिच्या कॅडेट अभ्यासक्रमात शिरणे, ही दुसरी. दुसरीचा क्रम आखीव. परंतु तिच्या शुल्कासाठी जमीन तारण ठेवण्यापूर्वी करारनाम्यातील प्रत्येक कलम वाचणे अगत्याचे.