कासवांपासून लपणारे पान

अनंताचे फूल आठवा. कॉफी त्याच कुळातली, आणि 'कॅफे मारों'ही. नावाचा अर्थ रानकॉफी. मॉरिशसपासून पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज या चिमुकल्या बेटाबाहेर हे झुडूप निसर्गात कुठेच उगवत नाही. ते केव्हाच नामशेष झाले, असे धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शाळकरी मुलाने वर्गात एक डहाळी आणली आणि कळले, एक झुडूप अजून उभे आहे. अख्ख्या जगात एकच.

औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडून नेत. कुंपणामागून कुंपण घालावे लागले. १९८६ मध्ये काही छाट लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचले. त्यांतला एक रुजला, वाढला, पांढऱ्याशुभ्र चांदण्यांसारखा फुलला. फळ मात्र धरेना. छाटापासून वाढवलेली सगळी रोपे म्हणजे तेच एक झाड, पुन्हा पुन्हा. शिवाय त्याची फुले जवळजवळ नरासारखी वागणारी. कुक्षीवर पराग टाकला तरी तो आत शिरेना. क्यूमधले कार्लोस माग्दालेना मात्र हटले नाहीत. कुक्षीचा शेंडाच कापायचा आणि त्या जखमेवर पराग ठेवायचा, हा उपाय त्यांनी चिकाटीने केला. २००३ मध्ये फळ धरले. बियांतून आलेल्या काही रोपांना मोठ्या बीजांडकोशाची मादी फुले आली, आणि खोळंबलेला संसार सुरू झाला. बिया रॉड्रिग्जलाही परतल्या.

मला सगळ्यात विलक्षण वाटतात ती कोवळ्या रोपाची पाने. लांब, अरुंद, तपकिरी, मधोमध गुलाबी शीर. वाळल्या काडीसारखी दिसणारी. झुडूप उंच झाले की नवी येणारी पाने रुंद, हिरवीगार, तुकतुकीत असतात. हे लपणे कासवांपासून असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते. उंच पानापर्यंत कासवाची मान पोहोचत नाही, मग लपायचे कशाला? १६९१ मध्ये फ्रान्स्वा लेगुआ हा फ्रेंच प्रवासी रॉड्रिग्जवर उतरला, तेव्हा इथे महाकाय कासवांच्या दोन जातींचे कळपच्या कळप होते. पुढे जहाजांवर खाण्यासाठी त्यांना इतके पकडले की सुमारे शंभर वर्षांत दोन्ही जाती संपल्या.

लेगुआच्याच नावाच्या राखीव क्षेत्रात आता अल्डाब्रा बेटावरच्या जातीची कासवे सोडली आहेत. कॅफे मारोंची नवी रोपे आजही तपकिरी पानांनीच वाढतात.