जागा बघायला मे महिन्यात जा

कर्जतकडे दोन एकर घ्यायची, भात-भाजी पिकवायची, संकट आलं तरी कुणावर अवलंबून राहायचं नाही, असं स्वप्न हल्ली मुंबईकरांना फार पडतं. जागा मात्र सगळे पावसाळ्यात बघतात. राजमाचीच्या कड्यावरून धबधबे कोसळत असताना पायथ्याचं कोंडाणे गाव कुणाला आवडणार नाही?

खरी परीक्षा उन्हाळ्यात. इथला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाणी फारसं मुरू देत नाही. भेगा असतील तिथेच थोडंफार साठतं, बाकी सगळं उल्हास नदीतून वाहून जातं. धो धो पाऊस पडणाऱ्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन वणवण करावी लागते ती त्यामुळेच. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या काठी उन्हाळी भात होतो खरा, पण ते पाणी घाटमाथ्यावरच्या धरणांचं. ही स्वयंपूर्णता नव्हे, उसनवारी.

दुसरी गोष्ट उताराची. कड्याखाली साचलेली सैल माती-दगड पाणी पिऊन जड होतात आणि खालच्या खडकावरून घसरतात. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचाव पथकं चिखलातून पायी चढली, यंत्रं पोहोचलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावही नव्हतं.

तेव्हा सातबारा बघण्याआधी मे महिन्यात जा, विहिरीत डोकावा आणि मागचा डोंगर किती जवळ आहे तेही बघा.