प्लॉट पाडण्याआधी (लेखांक ६) : रेवसच्या खारातला लेआउट

मागच्या लेखात सातबारा आणि तुकडेबंदी पाहिली. आता पुढचं. शेताचे प्लॉट पाडायचे तर तपासतं कोण, आणि नेमकं काय तपासतं?

उदाहरणाला अलिबाग तालुक्यातलं खाडीकाठचं रेवस घेऊ. २०२० साली शेजारी मांडव्याला मुंबईहून रो-रो बोट आली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून गाजत असलेला रेवस-करंजा पूलही आता कागदावरून खाली उतरतोय. खाडीकाठच्या भातशेताचा भाव एकरावरून गुंठ्यावर यायला एवढं पुरतं.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजेच परवानगी, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गावठाणाबाहेरचा लेआउट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि नगररचना विभाग तो छाननीला घेतो. पहिला प्रश्न झोनचा : मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेत ती जमीन कुठल्या रंगात आहे? रहिवास क्षेत्रात किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आत असेल तर एनएची, म्हणजे बिगरशेती वापराची, वाट सोपी. हरित पट्ट्यात असेल तर शेतघर बांधता येतं, पण त्यालाही साधारण ०.४ हेक्टर म्हणजे एकरभर शेत लागतं. मग पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ कसे विकले जातात, हे विकणाऱ्यालाच विचारावं.

झोन जमला की नकाशा. रस्ते किती रुंद, पोचरस्ता कुणाच्या जमिनीतून, ०.४ हेक्टरच्या वरच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडली का. मग सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध. खाडीची भरतीरेषा कुठे, आणि खारफुटी कुठे. उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई केली. सीआरझेडचे नियम मोडल्यावर काय होतं, ते अलिबागकरांनी ८ मार्च २०१९ला पाहिलंय : किहीमचा नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला गेला.

माझी तक्रार इथून पुढची आहे. ही सगळी तपासणी प्लॉटच्या हद्दीत संपते आणि खारातली जमीन जगते ती हद्दीबाहेरच्या बांधावर. समुद्राच्या बाजूनं मातीचा बांध, त्यात उघाडी. भरतीच्या दाबानं उघाडीची झडप मिटते, खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून निघून जातं. अशा खाचरांच्या मधोमध कुणी चार एकरांवर दीड मीटर भराव टाकला, की उघाडीकडे जाणारं पाणी अडतं आणि शेजाऱ्याच्या लावणीत तुंबतं. लेआउटच्या नकाशात गटार असतं, नाही असं नाही. ते हद्दीच्या रेघेपाशी येऊन थांबतं. पुढचं खाचर नकाशात नाहीच.

बांधाचं दुखणं वेगळंच. खारभूमी विकासाचा कायदा १९७९चा. पण बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजवली नाही तर काय होतं, हे तालुक्यातल्याच धेरंड-शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारा. खारं पाणी आत शिरलं, भात गेलं, खारफुटी उगवली. सातबाऱ्यावर भातजमीन आणि पायाखाली तिवरांचं रान. आता लेआउट करणाऱ्यानं कुठला कागद दाखवायचा?

आणि शेजाऱ्यानं हरकत घ्यायची कुठे? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शेताचे प्लॉट पाडायचे तर जाहीर सुनावणी होते. शेजारी उठून विहिरीबद्दल, रस्त्याबद्दल बोलतो. आपल्याकडे बोलायची वेळ प्रादेशिक योजनेच्या मसुद्याला, किमान चार महिन्यांची. हा मसुदा आला २०१६ साली, योजना मंजूर झाली २०२१मध्ये, आणि मुदत २०३६पर्यंत. जमिनीचं काय करायचं, हे गावांना सरळ विचारल्याचं जवळचं उदाहरण म्हणजे पेण तालुक्यातल्या २२ गावांचं सेझवरचं जनमत, २१ सप्टेंबर २००८. तेही लढून मिळवलेलं.

लेआउटचा अर्ज आल्यावर त्याची नोटीस निदान चावडीवर तरी लागावी, असं मला वाटतं. तोवर हातात उरतं ते एवढं : शेजारच्या शेतात भरावाचा पहिला डंपर आला की तहसीलदार आणि नगररचना, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा. प्लॉट घेणाऱ्यानं तो जुलैतल्या अमावास्येच्या उधाणाला पाहावा. दलाल एप्रिलमध्ये दाखवतो.

पुढच्या आठवड्यात : मोजणी आणि पोटहिस्सा.