औंधच्या टेकडीवरचा हिशेब

दिवाळीच्या सुटीत साताऱ्याहून सांगलीकडे जाताना वाट थोडी वाकडी करून मी औंधला उतरलो. यमाईच्या टेकडीवरील श्रीभवानी संग्रहालय पुन्हा एकदा पाहावे, एवढाच हेतू होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे येथे आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक यांचे पाषाणशिल्पही आहे. अवघ्या ७२ गावांच्या, त्यातही अवर्षणाने गांजलेल्या संस्थानात हे वैभव पाहून मन थक्क होते.

पुढे विट्याच्या एस.टी.त शेजारी आटपाडीकडील एक वृद्ध शेतकरी बसले होते. मी कोठून आलो ते कळताच म्हणाले, "मास्तर, राजानं चित्रांत घातलेला पैका विहिरींत घातला असता, तर आमच्या वाडवडलांची वणवण टळली नसती का?"

एका कामी खर्चिलेला रुपया दुसऱ्या कामी येत नाही, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तरी क्षणभर उत्तर सुचेना. मग म्हणालो, "बाबा, ज्यानं चित्रं जमवली त्याच राजानं १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार रयतेच्या हाती दिला. तुमच्याकडच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर याच संस्थानच्या शाळांत शिकले. शिवाय विहिरीचं पाणी एकानं उपसलं की दुसऱ्याला कमी पडतं. चित्र हजारांनी पाहिलं तरी ते उणं होत नाही."

त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "असंल तसं. पन यमाईला मी दरसाल येतोय. त्या इमारतीत कधी पाऊल टाकलं न्हाई. ते शिकलेल्यांचं असतंय."

माझा युक्तिवाद तेथेच संपला. जी वस्तू सर्वांची म्हणून मी गौरवीत होतो, तिच्या दारावरून हा गृहस्थ आयुष्यभर देवीचा नारळ घेऊन गेला होता, आणि "आत या" असे त्यास कोणी म्हटले नव्हते. राजाने केलेला खर्च केव्हाच फिटला. थकबाकी आहे ती आम्हां शिकलेल्यांची. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना साखर कारखाना दाखवावयास नेतो. औंधला मात्र एकदाही नेलेले नाही.

विट्याला उतरताना ते म्हणाले, "पुढच्या साली यात्रेला या. दावा मला ती चित्रं."

मी होकार दिला आहे.