मंडालेचा राजा आणि रत्नागिरीचे लोकमान्य

दिवाळीची सुटी लागली की पुण्या-मुंबईची मंडळी कोकणात उतरतात. गणपतीपुळ्याचे दर्शन झाले, समुद्रस्नान झाले, की एक दुपार रत्नागिरी शहरासाठी राखलेली असते. त्या दुपारी दोन वास्तू पाहण्याचा प्रघात आहे : टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि खाडीच्या वरच्या टेकाडावरील थिबा राजवाडा. पहिल्या ठिकाणी हात जोडावयाचे, दुसऱ्या ठिकाणी छायाचित्रे घ्यावयाची आणि पुढे निघावयाचे! पण ह्या दोन्ही वास्तू एकाच कथेत गुंतलेल्या आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

टिळक आळीतील घर साधे, कौलारू, कोकणी वळणाचे. शाळामास्तर गंगाधरपंतांच्या पोटी २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर येथे जन्मले. दहा वर्षांनी, १८६६ साली, वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब पुण्यास गेले. राजवाड्याचा थाट अगदी निराळा. तीन मजले, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या आणि त्यांवरील लाकडी कोरीवकाम. वरून पाहिले की भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र डोळ्यांत मावत नाही.

हा थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये अवघ्या पंधरवड्याच्या युद्धात इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली. सव्वीस वर्षांचा राजा, राणी सुपयालत आणि लहानग्या मुली ह्यांना आधी मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रत्नागिरीच का? तेव्हा येथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद होत. राजाला त्याच्या प्रजेपासून तोडावयाचे, तर ह्याहून सोयीची जागा कोणती? हाच न्याय त्याआधी दिल्लीच्या बहादुरशहा जफरला लावला होता. त्याला रंगूनला नेले आणि १८६२ साली तो तेथेच वारला.

आमच्या महाविद्यालयाची सहल येथे आली असता एका मुलीने विचारले, “सर, एवढा वाडा दिला, मग ही शिक्षा कसली?” प्रश्न रास्त होता. पण हा वाडा राजाला मिळाला १९१० च्या अखेरीस, म्हणजे चोवीस वर्षे वाट पाहून. त्यात तो राहिला जेमतेम सहा वर्षे. सरकारी तनख्यावर आणि सरकारी पहाऱ्यात त्याचे तारुण्य येथे सरले. मंडाले त्याला पुन्हा दिसले नाही.

आता कथेचा दुसरा धागा पाहा. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी झाली मंडालेला! थिबाच्या राजधानीतील किल्ल्याचा तुरुंग आता रत्नागिरीत जन्मलेल्या पुरुषासाठी उघडला. थिबा ह्या नव्या वाड्यात राहावयास आला, त्याच १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या लाकडी कोठडीत लोकमान्य शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. मंडालेचा धनी रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. दोघांनाही हलविणारा हात एकच!

लोकमान्य जून १९१४ मध्ये सुटून आले आणि पुन्हा लढ्यात उतरले. थिबाला परतणे नव्हते. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच निवर्तला. १९१९ साली राणी मायदेशी गेली, पण तीही रंगूनपर्यंतच. १९२५ मध्ये तेथेच तिचा अंत झाला. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस परतली. तिची मुलगी टुटू हिने ह्याच गावात, मराठी बोलत, गरिबीत संसार केला. ती वारली २००० साली.

राजवाड्याची वाट सारे पुसतात; गावातील थिबाच्या समाधीची वाट क्वचितच कोणी विचारतो. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम तेथे येऊन नतमस्तक झाले होते. आपल्या लोकमान्यांचा कारावास आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. मग ज्याचे राज्य आणि घर दोन्ही गेले, त्या पाहुण्याच्या वाट्याला केवळ गमतीची गोष्ट का यावी?

तेव्हा येत्या सुटीत आधी जन्मस्थान, मग राजवाडा आणि शेवटी समाधी, ह्या क्रमाने पाहा. निघण्यापूर्वी मुलांना नकाशा उघडून रत्नागिरी आणि मंडाले शोधावयास सांगा. मधले अंतर त्यांनी बोटाने मोजले, की उरलेला इतिहास ती आपणहून विचारतील.