नेमबाजीच्या पिस्तुलाचे बॅरल

२५ मीटर स्पोर्ट्‌स पिस्तूल प्रकारात पहिल्या, म्हणजे प्रिसिजन टप्प्यातील टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, साधारण लहान वाटीच्या तळाएवढा. त्याच्या आत २५ मिलिमीटरचे आणखी एक वर्तुळ असते, ते ‘इनर टेन’. नेमबाज एका हाताने पिस्तूल धरून, पाच मिनिटांत पाच अशा सहा मालिकांमध्ये ३० गोळ्या झाडतो. चांगल्या कारखान्याचे पिस्तूल वाइसमध्ये घट्ट पकडून त्याच अंतरावरून अनुरूप काडतुसे झाडली, तर सगळी भोके दोन सेंटिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी जागेत पडतात. म्हणजे पिस्तूल इनर टेनमध्ये राहू शकते. नेमबाजाच्या हाताला तेवढे राहता येईलच असे नाही.

अचूकता या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. गोळ्या जवळजवळ पडणे ही एक; तिला रेंजवर ‘ग्रुप’ म्हणतात. तो ग्रुप टार्गेटच्या मध्यावर पडणे ही दुसरी. ग्रुप बाजूला पडत असेल तर मागच्या साइटचे स्क्रू एकदोन घरे फिरवून तो मध्यावर आणता येतो. ग्रुपच विस्कटलेला असेल तर कोणताही स्क्रू कामाला येत नाही. पिस्तुलाच्या किमतीतला मोठा वाटा ग्रुप विस्कटण्याच्या या दोषापासून सुटका होण्यासाठी मोजलेला असतो, आणि त्या सुटकेचे मूळ बॅरलमध्ये असते.

बॅरलचा हा विचार आपल्या भागातील नेमबाजांनाही करावा लागतो. कर्जत आणि खालापूर हे रायगडमधील तालुके पुणे आणि मुंबईच्या मधोमध, एक लोहमार्गावर आणि दुसरा द्रुतगती मार्गावर आहे. नेमबाजीच्या नकाशावरही त्यांचे स्थान असेच मधले. शेजारच्या पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्‌स अकादमीत सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ ही प्रशिक्षण संस्था १० मीटर नेमबाजीचे धडे देते. शिरूर स्वतः रायफल नेमबाज. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळलेल्या मुलामुलीला मात्र २५ मीटरच्या रेंजसाठी एक तर मुंबईत वरळी, नाहीतर घाट चढून पुण्यात बालेवाडी गाठावी लागते. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही. थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये मिळालेले २०१८ चे ते पदक म्हणजे भारतीय महिला नेमबाजाचे आशियाई स्पर्धेतील पहिले सुवर्ण. अशा बरोबरीत एका गोळीचा फरक निर्णायक ठरतो, आणि ती गोळी पिस्तुलामुळे चुकली का ही शंका नेमबाजाच्या मनात राहून चालत नाही.

या प्रकारातील पिस्तुले पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाची, सेमी-ऑटोमॅटिक असतात. एक गोळी सुटली की वायूच्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी केस बाहेर पडते, आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. ट्रिगर मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने दाबावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बॅरल जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, माशी (म्हणजे पुढची साइट) आणि मागची साइट यांतले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत आणि ट्रिगरचा भार किमान १,००० ग्रॅम. इटलीची पार्डिनी, जर्मनीची वॉल्थर, स्वित्झर्लंडची मोरिनी ही नावे रेंजवर नेहमी कानावर येतात.

पोलिस किंवा लष्कराच्या बहुतेक पिस्तुलांपेक्षा या पिस्तुलांचा सांगाडा वेगळा असतो. तिथे काडतूस जोरदार असल्याने बॅरल आणि स्लाइड काही क्षण एकमेकांत अडकून मागे सरकतात, मग बॅरल किंचित कलते आणि सुटते. प्रत्येक गोळीनंतर ते नेमके पूर्वीच्या जागी बसले तरच पुढची गोळी पहिलीच्या शेजारी जाईल. शिवाय साइट स्लाइडवर आणि बॅरल वेगळे. टू-टूचा दाब तुलनेने कमी असल्याने स्पर्धेच्या पिस्तुलात बॅरल चौकटीला पक्के जखडलेले असते. फक्त बोल्ट हलतो, आणि त्याला थोपवायला त्याचे वजन आणि एक स्प्रिंग पुरते. ही रचना साधी आहे, आणि अचूकतेच्या दृष्टीने तिचा सर्वात मोठा गुण हा की हलणारे भाग कमी असल्याने चूक शिरायला वाटाही कमी राहतात.

बॅरल म्हणजे पोलादाचा भरीव गज मधून पोखरून केलेली नळी. पोलाद सहसा क्रोमियम-मॉलिब्डेनमचे, नाहीतर स्टेनलेस. मिश्रपोलाद हा खालापूर तालुक्यातील खोपोलीकरांना परका विषय नाही. महिंद्र युजीनच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून ते बनत आले आणि या तालुक्यातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. पोलाद कोणत्या जातीचे यापेक्षा ते आतून एकसारखे आणि ताणमुक्त आहे का, हे बॅरलसाठी जास्त महत्त्वाचे. गजात ताण कोंडलेला असेल तर लेथवर बाहेरून घेतलेला प्रत्येक काप आतले भोक कुठे सैल, कुठे आवळ करतो. म्हणून चांगले कारखाने गज तापवून, सावकाश थंड करून ताण काढतात आणि मगच अखेरचा आकार देतात.

आतल्या मळसूत्री खाचांना रायफलिंग म्हणतात. त्या पाडण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. एका पात्याने एकेक खाच थोडी थोडी कातत जाणे ही सर्वात जुनी आणि वेळखाऊ. दुसरीत कार्बाइडचे ‘बटण’ भोकातून जोराने ओढतात. ते धातू कापत नाही, दाबून खाचा उमटवते. तिसरीत खाचांचा उलटा ठसा असलेला मँड्रेल नळीत ठेवून बाहेरून हातोड्यांचा मारा करतात. एखादी पद्धत नावानेच श्रेष्ठ मानण्यात अर्थ नाही. तिन्हींतून उत्तम बॅरल निघते, तिन्हींतून टाकाऊही. पाहायचे ते हे, की भोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच मापाचे आहे का. फरक असलाच तर तोंडाकडे किंचित आवळ असलेला बरा, सैल असलेला वाईट. मुरलेला कारागीर शिशाची गोळी दांड्याने हळूहळू आतून सरकवतो. मध्येच ती मोकळी झाली किंवा अडखळली, तर हाताला लगेच कळते. असे खडबडीत डाग शिशाच्या ठोकळ्यावर बारीक भुकटी लावून घासून काढण्याच्या कामाला लॅपिंग म्हणतात. ते यंत्रापेक्षा मनगटाचे काम आहे.

टू-टू बॅरलमध्ये रायफलिंगचा एक पूर्ण फेरा साधारण १६ इंचांत, म्हणजे ४०६ मिलिमीटरमध्ये होतो. पिस्तुलाचे बॅरल त्याहून कितीतरी आखूड असल्याने गोळी आत अर्धा फेराही घेत नाही. तरी सेकंदाला २९० मीटर वेगाने बाहेर पडताना ती मिनिटाला चाळीस हजारांहून अधिक फेऱ्यांच्या गतीने फिरत असते आणि त्या फिरकीमुळेच भोवऱ्यासारखी सरळ राहते.

दोन जागी कारागिराला क्षमा नसते. पहिली चेंबर, जिथे काडतूस बसते. टू-टूची गोळी मऊ शिशाची असते. ती रायफलिंगमध्ये वाकडी घुसली तर एका बाजूने जास्त चेमटते, आणि तिचा तोल पुढे कधीच सावरत नाही. म्हणून स्पर्धेचे चेंबर आखडते ठेवतात. मात्र सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते फार आखडते केले तर काडतूस अडकते. इथे कारखान्याला तोल सांभाळावा लागतो. दुसरी जागा बॅरलचे तोंड, म्हणजे क्राउन. गोळीचा तळ नळीतून सुटतो त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी सारखा बाहेर पडला पाहिजे. कडेला सुईएवढी खोच असली तरी एका बाजूचा वायू आधी सुटतो आणि गोळीला ढुशी देतो. अनेकदा साफसफाईचा दांडा तोंडाकडून घालून मालकच ही कड बिघडवतो. रचनेत शक्य असेल तिथे दांडा चेंबरच्या बाजूने घालावा, नाहीतर तोंडाला गाइड लावावा.

उत्तम बॅरललाही प्रत्येक काडतूस मानवत नाही. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटचे ग्रुप वेगळे पडतात, म्हणून गंभीर नेमबाज लॉट तपासून एकदम साठा करतात. वेगातल्या फरकाची भीती मात्र २५ मीटरवर बरीचशी वाया जाते. सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी गुरुत्वाकर्षणामुळे गोळी दोन-अडीच मिलिमीटरच खाली-वर होते.

याच्या शेजारी माणसाचा वाटा मांडून पाहावा. माशी आणि मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटर धरले, तर माशी एक दशांश मिलिमीटर बाजूला दिसली की टार्गेटवर गोळी ११ मिलिमीटर सरकते. पाव मिलिमीटर सरकली की दहाचे वर्तुळ सुटण्याच्या बेतात. ट्रिगर झटक्याने दाबणाऱ्या नवख्याच्या हातून ही माशी अर्धा मिलिमीटर सहज हलते. म्हणून शिकाऊ नेमबाजाने वीस मिलिमीटरच्या ग्रुपचे पिस्तूल बदलून पंधराचे घेतल्याने गुण वाढत नाहीत. चांगल्या बॅरलचा खरा लाभ वेगळा आहे: वाईट गोळी गेली की ती आपलीच, हे त्याला खात्रीने कळते आणि सराव योग्य जागी लागतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बॅरलचा शत्रू गंज असतो. स्टेनलेसलाही तो पूर्णपणे चुकत नाही. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात पिस्तूल फोममध्ये महिनोन्‌महिने पडू देऊ नये. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या वेळोवेळी सुकवाव्यात. थंड एसी गाडीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या पोलादावर दव धरते. पेटी उघडण्याआधी ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. आत लावलेले तेल झाडण्याआधी कोरड्या कापडाने पुसावे. साफ केलेल्या बॅरलमधून पहिल्या काही गोळ्या विखुरतात, आत मेणाचा आणि शिशाचा पातळ थर बसला की ग्रुप स्थिरावतो. त्या गोळ्यांवरून साइट हलवू नये.

टू-टूचे बॅरल नीट जपले तर हजारो गोळ्या झाडूनही झिजत नाही, त्यामुळे परवानाधारकाने वापरलेले चांगले पिस्तूल घेणे कमीपणाचे नाही. शस्त्र परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लागतोच, आणि कर्जत-खालापूरकरांसाठी तो अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. व्यवहार ठरवण्याआधी क्राउन भिंगाखाली पाहावा, बॅरल उजेडाकडे धरून आत गंजाचे ठिपके शोधावेत, आणि आपण वापरणार त्याच लॉटच्या काडतुसांचा २५ मीटरवरचा ग्रुप टेकूवरून झाडून कागदावर घ्यावा. कागद नाही तर पैसे नाहीत.